जनगणनेची रंगीत तालीम: खऱ्या मोजणीआधी चाचणी कशी घ्यायची

जनगणना दहा वर्षांतून एकदा होते (काही देशांत पाच) आणि ती चुकली तर पुढच्या महिन्यात परत घेऊ असं म्हणता येत नाही. त्यामुळे आधी चाचणी घ्यावी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती कशी घ्यायची, किती आधी, कुठे आणि चाचणीत नक्की बघायचं काय याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. प्रश्नावली बनवण्याचं आणि फिल्डचं, दोन्ही कामं मी जवळून पाहिलीत आणि माझं एकच म्हणणं आहे की चाचणी काहीतरी मोडावं म्हणून घ्यायची असते. ज्या चाचणीचा रिपोर्ट "सर्व काही सुरळीत पार पडले" असा येतो ती बहुतेक वेळा सोप्या जागी, निवडक हुशार माणसं घेऊन आणि फार उशिरा घेतलेली असते. सुरळीत चाचणी बघून खूश होऊ नका, घाबरा.

आधी एक घोळ मिटवू. चाचणी म्हणजे एक कार्यक्रम नसतो, निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली प्रश्नांची चाचणी, म्हणजे लोकांना प्रश्न कळतोय का. दुसरी छोटी फिल्ड चाचणी, म्हणजे दारात उभं राहून तो प्रश्न विचारता येतोय का. तिसरी यंत्रणेची, म्हणजे अ‍ॅप, सर्व्हर, छपाई, वाहतूक वगैरे. आणि चौथी खरी रंगीत तालीम, जिच्यात यादी करण्यापासून तक्ते निघेपर्यंत सगळं एकदा सलग चालवून बघायचं. ह्या चारही एकाच महिन्यात उरकायच्या असं ठरवलंत तर पहिल्या तीन फुकट जातात, कारण पहिलीत सापडलेली चूक दुसरीच्या आधी दुरुस्त झालेलीच नसते.

वेळ

रंगीत तालीम खऱ्या जनगणनेच्या साधारण एक वर्ष आधी आणि शक्यतो त्याच दिवसांत घ्यावी असं संयुक्त राष्ट्रांची जनगणनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याच दिवसांत का, तर ऋतू. पावसात रस्ते बंद असतात, सुगीत माणसं दिवसभर शेतात, सुट्टीत घरांना कुलपं, हंगामी कामाला गेलेली कुटुंबं तिसरीकडेच. कोरड्या महिन्यात घेतलेली चाचणी पावसाळ्यातल्या मोजणीबद्दल काही सांगत नाही. आणि एक वर्ष का, तर दुरुस्तीला वेळ लागतो. प्रश्न बदलला की ट्रेनिंगचं पुस्तक बदलतं, सगळ्या भाषांतली भाषांतरं बदलतात, अ‍ॅप बदलतं, तक्त्यांचे नमुने बदलतात, आणि हे सगळं परत तपासावं लागतं.

भारताच्या तारखा बघा म्हणजे हिशोब कळेल. २०२१ च्या जनगणनेची पूर्वचाचणी १२ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर २०१९ ला झाली आणि घरयादीचं काम (म्हणजे जनगणनेचा पहिला टप्पा, घरांची नोंद) एप्रिल २०२० पासून ठरलं होतं (ते पुढे कोविडमुळे राहिलं). २०२७ च्या जनगणनेसाठी घरयादीची पूर्वचाचणी १० ते ३० नोव्हेंबर २०२५ ला झाली आणि प्रत्यक्ष घरयादी एप्रिल २०२६ पासून ठेवलेली. म्हणजे दोन्ही वेळा चाचणी संपल्यापासून हातात सहा महिने किंवा त्याहून कमी. एवढ्या वेळात अ‍ॅपमधले दोष काढता येतात, सूचना सुधारता येतात, पण एखादा प्रश्नच मुळातून चुकलाय असं निघालं तर फार ओढाताण होते. म्हणून प्रश्नांची चाचणी त्याच्याही बरीच आधी, दोन-तीन वर्षं आधी सुरू करा.

आधी प्रश्न, मग बाकीचं

हा भाग सगळ्यात स्वस्त असतो आणि सगळ्यात जास्त वाचवतो तरीही लोक इथेच घाई करतात. करायचं काय तर दहा-पंधरा माणसं एका वेळी घ्यायची, वेगवेगळ्या वयाची, शिकलेली न शिकलेली, वेगवेगळी भाषा बोलणारी, आणि एकेकाशी निवांत बसून प्रश्न विचारायचा. उत्तर मिळालं की थांबायचं नाही. विचारायचं, हा प्रश्न तुमच्या शब्दांत मला परत सांगा. उत्तर देताना तुम्ही कोणाकोणाला धरलंत? कोणाला सोडलंत? दोन पर्यायांत अडकलात का? "प्रश्न समजला का?" असं मात्र कधीही विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून.

साधा वाटणारा प्रश्न घ्या, "या घरात किती माणसं राहतात?" एवढ्याशा प्रश्नात हॉस्टेलला असलेला मुलगा, रात्रपाळीला गेलेला माणूस, परवा जन्मलेलं बाळ, घरातच राहणारी कामवाली, पोटभाडेकरू, तीन महिने मुलाकडे आणि तीन महिने मुलीकडे राहणारी आजी, एवढे सगळे लपलेले असतात. कोणी आजीला धरतं, कोणी नाही, आणि बाळ तर बहुतेक जण विसरतात, त्याचं अजून नावच ठेवलेलं नसतं. लहान मुलं सुटणं हा जगभरच्या जनगणनांचा जुना दोष आहे. तुमच्या चाचणीत पाच मुलाखतींपैकी दोघांनी बाळ सोडलं तर तुम्हाला त्यासाठी वेगळा आठवण करून देणारा प्रश्न हवा, सूचनापुस्तकात एक ओळ टाकून भागणार नाही.

कामाच्या प्रश्नाचंही तसंच आहे. "तुम्ही काय काम करता?" असं विचारलं की घरच्या शेतात सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबणारी बाई "काही नाही, घरीच असते" म्हणते. तिने काही चुकीचं सांगितलेलं नाही, प्रश्नच चुकीचा होता. प्रश्न बदलून, गेल्या वर्षभरात शेतात, जनावरांमागे, घरच्या धंद्यात एक दिवस तरी काम केलं का असं विचारा आणि त्याच बाईचं उत्तर बदलतं का ते पहा. अपंगत्वाबाबतही हेच दिसलं. घरात कोणी अपंग आहे का असं विचारलं की लोक फक्त ठळक दिसणारं सांगतात, कधी लाजेने तेही नाही. अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करायची यावर २००१ पासून काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुपने मग सहा छोटे प्रश्न तयार केले, बघायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला आणि बोलणं समजायला-समजवायला त्रास होतो का, आणि उत्तरं हो-नाही अशी नसून त्रास नाही, थोडा, बराच, अजिबात जमत नाही अशी चार. शब्द किती फरक पाडतात हे बघायचं असेल तर ही दोन्ही पद्धतींची प्रश्नावली शेजारशेजारच्या घरांत विचारून बघा.

चाचणी न करता प्रश्न घुसडला की काय होतं याचं एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचं आहे. १९७० च्या जनगणनेत हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिक देशांतलं) मूळ विचारणारा प्रश्न अगदी शेवटी घातला, त्यात एक पर्याय "मध्य किंवा दक्षिण अमेरिकन" असा होता. अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागात राहणाऱ्या कितीतरी लोकांनी तो टिक केला! त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं की. दहा जणांना तो प्रश्न आधी वाचून दाखवला असता तरी हे बाहेर आलं असतं.

अजून एक, मोकळी जागा सोडलेली उत्तरं. नाव, धर्म, जात, भाषा, व्यवसाय अशा ठिकाणी लोक जे सांगतील ते लिहा असं ठरवलंत तर ती उत्तरं नंतर कोणीतरी कोडमध्ये, म्हणजे ठरलेल्या वर्गांच्या नंबरांत, बसवायची आहेत हे चाचणीतच करून बघा. भारतात २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणात ४६ लाखांपेक्षा जास्त वेगवेगळी जातनावं नोंदली गेली असं सरकारने २०२१ ला सुप्रीम कोर्टात सांगितलं, १९३१ च्या जनगणनेत हाच आकडा ४,१४७ होता. एकच नाव दहा स्पेलिंगने, आडनाव, पोटजात, कूळ, सगळं एकाच रकान्यात. पाच हजार घरांच्या चाचणीतही हे दिसलं असतं, नुसती उत्तरं अ‍ॅल्फाबेटने लावून वाचली असती तरी. ड्रॉपडाउन ठेवायचा असेल तर त्याचीही चाचणी हवी, कारण लांब यादीत दमलेला माणूस वरचंच काहीतरी निवडतो.

भाषांतर प्रत्येक भाषेत वेगळं तपासा. मूळ भाषेत चाचणी झाली म्हणजे बाकीच्या भाषांत झाली असं नसतं. ऑफिसात बसून केलेलं शुद्ध भाषांतर दारात उभं राहून वाचलं की समोरचा माणूस "काय म्हणालात?" विचारतो आणि मग प्रगणक (घरोघरी जाऊन माहिती घेणारा माणूस) आपल्या मनाने प्रश्न सांगतो, म्हणजे तुम्ही तपासलेला प्रश्न तिथेच मेला. चाचणीत प्रगणक किती वेळा आपल्या शब्दांत प्रश्न विचारतोय ते मोजा, सगळ्यात उपयोगी आकडा तो असतो असं माझं मत आहे.

आणि एखाद्या प्रश्नाने लोक बिचकतील का अशी शंका असेल तर अर्ध्या घरांना तो प्रश्न असलेला फॉर्म द्या आणि अर्ध्यांना नसलेला. अमेरिकेने २०१९ च्या उन्हाळ्यात नागरिकत्वाच्या प्रश्नासाठी असंच केलं, सुमारे ४,८०,००० घरं घेऊन. एकूण प्रतिसादात मोठा फरक दिसला नाही पण काही भागांत आणि काही गटांत तो कमी झालेला दिसला. सरासरीवर थांबू नका, तुकडे करून बघा, कारण जनगणनेत नुकसान नेहमी ठरावीक माणसांचंच होतं.

जागा कठीण निवडा

इथे खूप मोह होतो. ओळखीचा अधिकारी असलेली, गाडी जाईल अशी, लोक सहकार्य करतील अशी जागा घेतली की काम लवकर संपतं. पण तुम्हाला हवीय ती जागा जिथे मोजणी फसेल. दाट वस्ती जिथे एका दारामागे चार कुटुंबं आहेत, उंच सोसायट्या जिथे गेटच्या आत सोडत नाहीत, नेटवर्क नसलेले पाडे, वेगळी भाषा बोलणारा भाग, कामासाठी येऊन-जाऊन राहणाऱ्यांच्या वस्त्या, आणि हॉस्टेल, तुरुंग, दवाखाने, आश्रम असं संस्थांमध्ये राहणारं जग, ज्यांना घर नावाचा फॉर्म लागूच पडत नाही. इंग्लंड-वेल्सने २०२१ च्या जनगणनेची तालीम ऑक्टोबर २०१९ मध्ये घेतली तेव्हा कार्लाईल, केरेडिगियन, हॅकनी आणि टॉवर हॅम्लेट्स असे चार भाग घेतले. दोन लंडनमधले गजबजलेले, लोक सतत बदलणारे, एक वेल्श बोलणारा ग्रामीण, एक उत्तरेकडचं शहर आणि आसपासची खेडी. निवड बघितली की कळतं काय तपासायचं होतं.

जागा कमी केल्या की काय हुकतं ते अमेरिकेच्या २०१८ च्या शेवटच्या मोठ्या चाचणीत दिसतं. तीन ठिकाणी पूर्ण चाचणी ठरली होती, पैसे कमी पडले म्हणून ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स काउंटीत एकाच ठिकाणी पूर्ण झाली. सुटलेल्यांपैकी एक वेस्ट व्हर्जिनियाचा डोंगराळ भाग होता, म्हणजे ग्रामीण परिस्थितीची तालीमच राहिली. पैसे कापायची वेळ आलीच तर शहरातली दुसरी जागा कापा, खेड्यातली एकुलती एक कापू नका.

बेघर माणसांची मोजणी वेगळी तालीम मागते. भारतात २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली गेली, आणि एका रात्रीत होणाऱ्या कामाला दुसरी संधी नसते. कोणत्या पुलाखाली, स्टेशनवर, देवळाबाहेर कोण झोपतं याची यादी आधी करून ठेवायची, त्या भागात काम करणाऱ्या संस्थांना सोबत घ्यायचं, आणि तालीम रात्रीच घ्यायची, दुपारी नाही.

आणि एक लक्षात असू द्या, चाचणीची ठिकाणं अशी मुद्दाम निवडलेली असतात त्यामुळे तिथल्या आकड्यांवरून देशाबद्दल काहीही बोलायचं नाही. चाचणीत भाग घेणं बऱ्याच देशांत ऐच्छिकही असतं, प्रसिद्धीही खऱ्या जनगणनेएवढी नसते, म्हणून प्रतिसाद कमीच येतो, त्याने घाबरून जाऊ नका. लोकांना दारात स्पष्ट सांगा की ही चाचणी आहे, माहिती गुप्त राहील आणि खऱ्या जनगणनेच्या वेळी आम्ही परत येऊ. हे सांगितलं नाही तर पुढच्या वर्षी तेच लोक म्हणतात, आमचं झालंय की.

नकाशा आणि हद्द

प्रत्येक प्रगणकाला एक गट मिळतो, भारतात साधारण ६०० ते ८०० लोकवस्तीचा. चुका गटाच्या मधोमध होत नाहीत, हद्दीवर होतात. म्हणून शेजारशेजारचे दोन गट दोन वेगळ्या प्रगणकांना द्या, एकमेकांशी बोलू देऊ नका, आणि दोघांच्या याद्या आल्या की हद्दीवरची घरं दोघांकडे आली का, एकाकडे आली का, की कोणाकडेच नाही आली ते बघा. कोणाकडेच न आलेलं घर सगळ्यात वाईट, कारण दोनदा आलेलं निदान नंतर सापडू शकतं. नजरी नकाशावर (हाताने काढलेल्या अंदाजे नकाशावर) "मोठं झाड" किंवा "जुनं दुकान" अशी खूण असेल तर ती पुढच्या वर्षी तिथे असेल का हाही विचार करा.

कुलूप असलेली घरं, बांधकाम चालू असलेली इमारत जिच्यात वॉचमन कुटुंबासकट राहतो, दुकानामागची खोली, गच्चीवरची शेड, एका गटात अशी किती निघाली आणि प्रगणकाने काय केलं ते लिहून घ्या. वॉचमनचं कुटुंब फार सुटतं. इमारत रिकामी दिसते ना.

माणसं

चाचणीत जे प्रगणक वापराल ते खऱ्या जनगणनेत असणार आहेत तसलेच हवेत. हेडऑफिसची माणसं फिल्डवर पाठवली की त्यांना अडचण आली तर ती अक्कल वापरून सोडवतात आणि अडचण रिपोर्टमध्ये येतच नाही. भारतात २०११ ला सुमारे २७ लाख लोक ह्या कामावर होते, बहुतेक शिक्षक, आणि त्यांच्यापर्यंत ट्रेनिंग तीन-चार पायऱ्या उतरून पोचतं. प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. त्यामुळे तालमीतही तेवढ्याच पायऱ्या ठेवा. ज्याने पुस्तक लिहिलं त्यानेच थेट प्रगणकांना शिकवलं तर तुम्ही ट्रेनिंगची चाचणी घेतलेलीच नाही. ट्रेनिंग संपल्यावर व्याख्या पाठ आहेत का हे विचारू नका, अवघड प्रसंग द्या, म्हणजे नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोन दिवस घरी येतो, त्याला कुठे मोजणार? सगळ्यांची उत्तरं सारखी आली नाहीत तर दोष प्रगणकांचा नाही, सूचनांचा आहे.

निरीक्षक सोबत पाठवा पण त्याने तोंड उघडायचं नाही. हे फार अवघड जातं, चूक होताना दिसते आणि गप्प बसायचं. मीही एकदोनदा बोलून गेलेय आणि त्या घरचा डेटा मग चाचणीसाठी वाया गेला. त्याच संध्याकाळी प्रगणकांना बसवून विचारा काय अडलं, आठवड्याने विचारलंत तर सगळे "चांगलं झालं" म्हणतात, थकवा उतरलेला असतो आणि अडचणी विसरलेल्या असतात. साहेबांना त्या बैठकीत बसवू नका.

एका घराला किती मिनिटं लागली ते नक्की मोजा, दोन माणसांच्या आणि आठ माणसांच्या घराचं वेगवेगळं, फिरण्यातला आणि परत परत जाण्यातला वेळही. याचं कारण साधं गणित आहे. देशात १ कोटी घरं असतील आणि एका प्रश्नाने प्रत्येक घरी १ मिनिट वाढलं तर १,६६,००० पेक्षा जास्त तास वाढतात, दिवसाला सहा तास धरले तर एका माणसाचे सुमारे २७,८०० दिवस. कोणतंही खातं "फक्त एक प्रश्न वाढवा" म्हणालं की त्यांच्यासमोर हे गणित ठेवा.

मोबाईल, अ‍ॅप, सर्व्हर

यंत्र नवीन असेल तर ती चाचणी सगळ्यात आधी सुरू व्हायला हवी. अमेरिकेने २०१० च्या जनगणनेसाठी प्रगणकांना हातात धरायची छोटी यंत्रं द्यायचं ठरवलं होतं, २००७ च्या तालमीत ती हळू चालत होती, माहिती पाठवताना अडत होती, आणि एप्रिल २००८ मध्ये दारोदार पाठपुराव्याचं काम परत कागदावर न्यायचा निर्णय घ्यावा लागला, वाढीव खर्चाचा अंदाज ३ अब्ज डॉलरपर्यंत गेला. दोष सापडला ही चाचणीची कमाई, पण इतक्या उशिरा सापडला की उपाय महाग पडला.

आता अ‍ॅप बहुतेक ठिकाणी आलंय. ते ऑफिसातल्या नव्या फोनवर वाय-फायमध्ये चालवून बघणं ही चाचणी नाही. प्रगणकांच्या हातात असतील तसे जुने, मेमरी भरलेले फोन घ्या. भर उन्हात स्क्रीन दिसते का बघा. बॅटरी दुपारी तीनला किती उरते बघा. नेटवर्क नसताना पंधरा घरं भरा, मग फोन बंद करून चालू करा आणि ती पंधरा घरं आहेत का बघा. फॉर्म पूर्ण करून पाठवल्यावर बाई म्हणते अहो थोरल्याचं वय चुकलं, तर दुरुस्त करता येतं का? फोन पाण्यात पडला तर त्या गटाचं काम दुसऱ्या फोनवर कसं येणार? आणि संध्याकाळी सहा ते आठ सगळे एकाच वेळी माहिती वर पाठवतात, ते मुद्दाम एकाच वेळी पाठवायला लावा.

लोकांनी स्वतः ऑनलाइन भरायची सोय असेल तर गर्दीची चाचणी त्याहून मोठी. ऑस्ट्रेलियाची ९ ऑगस्ट २०१६ ची रात्र सगळ्यांनी अभ्यासावी अशी आहे. एकाच रात्री देशाने फॉर्म भरायचा होता, त्या दिवशी साइटवर काही हल्ले झाले, फार मोठे नव्हते, पण देशाबाहेरची रहदारी अडवायची सोय नीट चालली नाही, राउटर बंद पडून नीट परत सुरू झाला नाही, माहिती बाहेर जातेय की काय अशी चुकीची शंका आली आणि साइट बंद केली ती जवळपास ४० तास. माहिती चोरीला गेली नव्हती. एकाच वेळी किती फॉर्म झेपतात याची चाचणी झालेली होती, राउटर प्रत्यक्ष बंद करून परत सुरू करून बघणं राहिलं होतं. म्हणून तालमीत एकेक वस्तू खरोखर बंद करा, वीज काढा, केबल काढा, आणि किती मिनिटांत परत उभं राहतं ते घड्याळ लावून बघा. आणि बंद पडलंच तर लोकांना काय सांगायचं, कोण सांगणार, याचीही तालीम त्याच दिवशी.

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष भेट यांचा सांधा वेगळा तपासा. भारताच्या २०२५ च्या पूर्वचाचणीत १ ते ७ नोव्हेंबर स्वगणना (लोकांनी स्वतः ऑनलाइन भरणं) आणि १० पासून प्रगणकांची भेट असं ठेवलं होतं, म्हणजे नेमका हा सांधाच मधे येतो. घरच्या मुलाने ऑनलाइन भरलं, दुपारी घरी असलेल्या आजोबांना माहीत नाही, त्यांनी प्रगणकाला परत सगळं सांगितलं, आता एकच घर दोनदा आहे. ऑनलाइन भरल्यावर मिळालेला कोड हरवलेलं घर, अर्धवट सोडलेला फॉर्म, दुसऱ्याच पत्त्यावर जोडलेला फॉर्म, हे चारही प्रकार मुद्दाम तयार करून यंत्रणेत घाला.

आणि ऑनलाइन न येणाऱ्यांची तालीम ऑनलाइन येणाऱ्यांपेक्षा जास्त करा. न्यूझीलंडमध्ये २०१८ च्या जनगणनेत भर ऑनलाइनवर होता आणि वैयक्तिक फॉर्मचा प्रतिसाद ८३.३ टक्क्यांवर आला, २०१३ ला तो ९२ च्या वर होता, माओरी (तिथले मूळ रहिवासी) आणि पॅसिफिक बेटांवरच्या समाजात घसरण आणखी मोठी. उरलेली माणसं सरकारी नोंदींतून भरून काढावी लागली. ज्याला इंटरनेट नाही किंवा नको आहे त्याच्या हातात कागदी फॉर्म कधी आणि कसा पोचतो हे एका माणसाच्या मागे चालत जाऊन बघा, अक्षरशः चालत.

तक्ते निघेपर्यंत थांबू नका

बऱ्याच चाचण्या शेवटचं घर झालं की संपतात, खरं तर अर्धं काम तिथून पुढे असतं. आलेली माहिती खऱ्यासारखीच साफ करा, कोड लावा आणि शेवटचे तक्ते काढा. मग दिसतं की कुटुंबप्रमुखच नसलेली घरं आहेत, किंवा दोन आहेत, आई आणि मुलात नऊ वर्षांचं अंतर आहे, चार वर्षांचा मुलगा विवाहित आहे. यातल्या किती चुका अ‍ॅपने दारातच पकडायला हव्या होत्या ते ठरवा, पण फार कडक नियमही लावू नका, नाहीतर प्रगणक पुढे जाण्यासाठी खोटं वय टाकून मोकळा होतो.

वयं तपासायला एक सोपी युक्ती आहे. २३ ते ६२ वयाची माणसं घ्या आणि ० किंवा ५ ने संपणारी वयं किती आली ते मोजा. सगळं ठीक असेल तर पाचातलं एक यायला हवं. व्हिपल निर्देशांक हेच मोजतो, १०० म्हणजे उत्तम, ५०० म्हणजे सगळ्यांनीच ० किंवा ५ ने संपणारी वयं सांगितली. हा आकडा एखाद्याच प्रगणकाचा जास्त असेल तर तो अंदाजे वय टाकतोय, सगळ्यांचा जास्त असेल तर जन्मतारखेचा प्रश्न किंवा ओळखीच्या घटनांची यादी हवी.

नंतरच्या तपासणीचीही तालीम घ्या, म्हणजे काही गटांत वेगळी टीम पाठवून परत मोजणी करायची आणि दोन्ही याद्या जुळवायच्या. भारतात २०११ नंतरच्या अशा सर्वेक्षणात दर हजारी २३ माणसं सुटली असा अंदाज निघाला. जुळवणी कागदावर सोपी वाटते, प्रत्यक्षात एकच बाई एका यादीत माहेरच्या नावाने आणि दुसरीत सासरच्या नावाने असते.

शेवटी वही

प्रत्येक दोषाला नंबर द्या. काय झालं, कुठे, किती घरांत, कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि दुरुस्तीनंतर परत कोणी तपासलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर दोष उघडाच धरायचा. जे दुरुस्त करणार नाही तेही लिहा आणि खाली सही घ्या, म्हणजे तो निर्णय कोणाचा होता हे राहतं.

मग एक तारीख ठरवा जिच्यानंतर प्रश्नात आणि अ‍ॅपमध्ये काहीही बदलणार नाही. त्या तारखेनंतर कोणी कितीही मोठ्या माणसाने "एवढा एकच शब्द" म्हटलं तरी तो शब्द आधी दहा माणसांना वाचून दाखवल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. आणि छपाईचा पहिला गठ्ठा किंवा अ‍ॅपची शेवटची आवृत्ती हातात आली की तालमीत वापरलेली प्रत शेजारी ठेवून ओळ अन् ओळ जुळवा, दोन माणसांनी, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवायचं.